दुहेरी

माझी उडी गेली आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही, इथून सगळा घोळ सुरू झाला.

गेली म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईचं वय झालं, गुडघे गेले, म्हणून रडतेय. गुडघा तर विशीतच गेला होता. मी उडीबद्दल बोलतेय. जिम्नॅस्टिक्समध्ये व्हॉल्ट असतो. लांबून पळत यायचं, फळीवर दोन्ही पाय आपटायचे, टेबलावर हात टेकून वर उसळायचं, हवेत अंगाचं मुटकुळं करून दोन कोलांट्या घ्यायच्या आणि शेवटच्या क्षणी अंग उलगडून पायांवर उभं राहायचं. आम्ही तिला ‘दुहेरी’ म्हणायचो. बायकांत ती मारणाऱ्या फार थोड्या, कारण दुसरी कोलांटी पुरी व्हायच्या आत अंग उलगडलं तर माणूस मानेवर येतो. मी मारायचे. केतकी चौगुले, सांगली. देशाच्या संघात होते, पेपरात फोटो यायचे, महापौरांनी शाल दिली होती. मग एकदा उतरताना गुडघा भलतीकडे वळला आणि कारभार आटोपला. खेळाडूंच्या कोट्यातून वीज कार्यालयात लागले ते आजतागायत तिथंच आहे. हल्ली प्रत्येक घराच्या छपरावर वीज तयार होते, त्यामुळे लोक बिल भरायला येत नाहीत, उलट आमच्याकडून येणं आहे म्हणून भांडायला येतात. त्या भांडणाच्या खिडकीत मी बसते.

आणि कोणी विचारलं की, केतकीताई, त्या दिवसांची आठवण येते का हो, तर माझं ठरलेलं उत्तर असायचं. कसली आठवण? पहाटेची थंडी, सोललेले तळहात, उपाशी पोट आणि शेवटी हा गुडघा. एवढंच मिळालं. वीस वर्षं हेच सांगत आले, आणि खरं समजूनच सांगत आले.

म्हणून पुण्याच्या डॉ. अनघा रेगे मी शिकवते त्या व्यायामशाळेत आल्या आणि म्हणाल्या, तुमची दुहेरी आम्हाला द्याल का, तेव्हा मी दुसऱ्यांदा विचारसुद्धा केला नाही.

रेगेबाईंचं काम समजायला सोपं आहे. आपण कोलांटी मारतो ती विचार करून मारत नाही. कधी आवळायचं, कधी उलगडायचं, हे डोक्याच्या मागे जो लहान मेंदू असतो त्यात मुरलेलं असतं. सायकलचा तोल तिथंच असतो. आता अशी मुरलेली आठवण आपण पुन्हा जागी केली की ती थोडा वेळ मऊ पडते, काहिलीतून नुकत्याच काढलेल्या गुळासारखी, आणि मग पुन्हा घट्ट होऊन बसते. ती मऊ असताना बाईंनी बनवलेली तारांची टोपी ती टिपून घेते आणि चुंबकाच्या बारीक टिचक्या देऊन दुसऱ्याच्या लहान मेंदूत बसवते. फक्त एक भानगड होती. टिपून घेतलेली आठवण मूळ जागी परत घट्ट होत नाही.

“म्हणजे नक्कल नाही, बदली,” मी म्हटलं. “सरकारी माणसासारखी. इथली खुर्ची रिकामी, तिथली भरली.”

“अगदी बरोबर,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला चालेल?”

“मला ती खुर्ची कधीचीच रिकामी करायची होती,” मी म्हटलं.

खुर्चीत बसायचं होतं जुईला. जुई आवटी, बारावीत होती. तिची आई स्नेहल आणि मी लहानपणी एकाच रांगेत उभ्या राहून कोलांट्या शिकलो. स्नेहलनं वेळेवर खेळ सोडला आणि संसार थाटला. तिची पोरगी मात्र माझ्याकडे आली. घरी मला मावशी म्हणते, व्यायामशाळेत ताई. संध्याकाळी कार्यालय सुटलं की मी तिला शिकवायचे. पोरीत सगळं होतं, ताकद, डौल, चिकाटी. पण दुहेरी काही केल्या बसेना. दुसऱ्या कोलांटीत ती हरवायची. आणि त्याशिवाय देशाच्या संघात जागा नव्हती.

पुण्याला आम्ही दोघी महिनाभर जात राहिलो. मी डोळे मिटून टोपी घालून पडायचे आणि मनात पळत जाऊन उडी मारायचे, पुन्हा पुन्हा. पलीकडच्या खोलीत जुई झोपलेली. एके दिवशी मी मनात पळत गेले, फळीवर पाय आपटले, आणि पुढं काही नाहीच. टेबल आहे, मी आहे, पण पुढं काय करतात ते कळेना. परत येताना बिनचालकाच्या एसटीत जुईला माझ्याच जुन्या उडीचा व्हिडिओ दाखवला. बघताना वाटलं, कोणा नात्यातल्या बाईच्या लग्नाचा व्हिडिओ बघतेय. चांगली दिसतेय, एवढंच.

आणि जुईनं दुहेरी मारली. आधी फोमच्या खड्ड्यात, मग गाद्यांवर, मग साध्या मॅटवर. अशी मारली की दोरीच्या मल्लखांबावर लटकलेली पोरं खाली उतरून बघायला आली. स्नेहल रडली. मीही टाळ्या वाजवल्या, पण खरं सांगते, कशाला वाजवतेय तेच कळत नव्हतं. आत काही हललंच नाही.

मग ती पडली.

त्या दिवशी स्नेहल बाकावर बसून माझं डोकं खात होती. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर, पोरगी पुस्तकाला हात लावत नाही, कॉलेजच्या मॅडम ओरडतात, एक ना दोन. जुई पळत निघाली होती. मी तिच्यावर नजर ठेवूनच स्नेहलला म्हटलं, “सोड गं, कुठं त्या मॅडमच्या नादी लागतेस.” आणि जुई वर, दुसऱ्या कोलांटीच्या मध्यावर, एकदम उलगडली. हात पाय पसरून पाठीवर आली. सुदैवानं त्या दिवशी सराव खड्ड्यावर होता म्हणून निभावलं. फोममधून बाहेर आली तर तोंड पांढरंफटक.

“काय झालं?”

“काय की,” ती म्हणाली. “मी उलगडले नाही, ताई. अंगच उलगडलं.”

रेगेबाईंना कळवलं. त्यांनी आलेख तपासले, म्हणाल्या सगळं जागेवर आहे, थकवा असेल. आठवडा विश्रांती दिली. त्यानंतर पुन्हा तेच. या वेळी मी गप्पच होते, स्नेहल आलेलीही नव्हती. पलीकडे मल्लखांबाचे घाटगे मास्तर एका पोराला ओरडत होते, “दोरी सोड आता, खाली ये,” एवढीच काय ती गडबड. जुई मानेवर आली. खड्ड्यातच आली, पण मानेवर. बाहेर काढली तेव्हा तिला थोडा वेळ डावा हात हलवता येईना. मग हलला आणि माझ्या जिवात जीव आला.

निवडचाचणी जवळ आली होती. चाचणीत खड्डा नसतो.

माझी मती गुंग झाली होती. उडी माझी, तर चूकही माझीच असणार. पण मी अशी कधी पडले नव्हते. की पडले होते आणि तेही उडीबरोबर गेलं? विचारायला एकच माणूस उरला होता. मगदूम सर, ज्यांनी मला दुहेरी शिकवली. आता ऐंशीच्या घरात आहेत, डोळ्यांना कमी दिसतं. मी गेले तेव्हा ओसरीवर बेदाणे निवडत बसले होते. निवडत कसले, चाचपत होते.

मी सगळं सांगितलं. कोण कुठं उभं होतं, कोण काय बोललं, सगळं. सरांनी बेदाण्यांचं ताट बाजूला सारलं.

“सोड म्हणालीस तू?”

“स्नेहलला म्हणाले.”

“आणि घाटगे म्हणाला दोरी सोड.”

“हो. त्याचं काय?”

“अगं, मी काय म्हणायचो तुला?”

“तुम्ही काही म्हणत नव्हतासा, सर. गप उभे राहायचा.”

सर हसायला लागले. “गप उभा राहायचो व्हय. अख्खी व्यायामशाळा ऐकायची माझी बोंब. तू वर गेलीस, दुसरी कोलांटी पुरी होत आली की मी ओरडायचो, सोड. की तू अंग सोडायचीस. वर्षानुवर्षं. स्पर्धेत पंच गुण कापायचे, म्हणून तोंडावर रुमाल धरून म्हणायचो.”

मला यातलं काहीही आठवेना. सर रुमाल धरायचे ते आठवत होतं. मला वाटायचं त्यांना आमच्या हाताला लावायच्या पावडरीचा त्रास होतो.

म्हणजे असं झालं होतं. सरांचा शब्द मी कधी शब्द म्हणून ऐकलाच नव्हता. तो कानातून सरळ अंगात जायचा. उडीचा एक भागच होता तो, जसा फळीचा धक्का. रेगेबाईंच्या टोपीनं उडी उचलली तेव्हा शब्दही मुळासकट उचलला आणि जुईच्या अंगात नेऊन ठेवला. आणि आपल्याकडे हा शब्द कोण म्हणत नाही? सोड ना यार, सोड तो विषय, फोन सोड, हात सोड, दहा रुपये सोड. चाचणीला पुण्याच्या क्रीडासंकुलात हजार माणसं बसणार. त्यातलं कोणीही, शेजाऱ्याच्या मांडीवरची पिशवी ओढताना, माझ्या पोरीची मान मोडू शकत होतं.

आम्ही उपाय करून बघितले. जुईच्या कानांत बोळे घातले, तर ती उलगडेचना. आधी हाकेशिवाय बसणारी उडी दोनदा हाक ऐकून चटावली होती; अंग आता हाकेचीच वाट बघत राहिलं आणि ती मुटकुळ्यानंच फोममध्ये गेली. मी ओरडायचं ठरवलं, तर मला कळेना कधी ओरडायचं. ती वेळही मी देऊन टाकली होती. शेवटी सरांना रिक्षानं आणलं. सर कठड्याला धरून उभे राहिले, डोळे बारीक केले आणि ओरडले. आवाज अजून खणखणीत होता, पण उशीर झाला. जुई तोंडावर आली.

“माझी नजर गेली गं,” सर म्हणाले आणि बाकावर बसले.

मी जुईला बाजूला घेतलं आणि सांगितलं, आपण ही उडी काढून टाकू. तुझी साधी एकेरी चांगली आहे, तीच मार. यंदा संघात नाही आलीस तर पुढच्या वर्षी.

“नाही,” ती म्हणाली.

“जुई, मान मोडेल.”

“मोडू दे.”

मी कपाळाला हात लावला. पोरगी उद्धट नाही, कधी उलटून बोलत नाही. मी म्हटलं, एवढं काय आहे त्या उडीत?

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलंय. “तुम्ही मला विचारता, ताई? वर गेल्यावर जे वाटतं ते. पहिली कोलांटी संपते ना, तिथं. सगळं गप होतं आणि छातीत असं काहीतरी भरून येतं. मला माझ्या उड्यांत कधीच असं झालं नाही. ते तुमचं आहे. तुम्हाला इतकं भारी वाटायचं?”

मी तोंडात मारल्यासारखी उभी राहिले. मला? भारी वाटायचं? मी तर वीस वर्षं लोकांना थंडी आणि तळहात सांगत होते. आणि आता ही पोरगी म्हणतेय की मी तिकडं वर आनंदात होते, इतकी की तिला त्यासाठी मान मोडली तरी चालेल. मग मी देऊन काय बसले?

पुण्याला फोन लावला. बाईंना म्हटलं, जुईची उडी पुसून टाका. त्या म्हणाल्या, पुसता येत नाही. पुसायला गेलं की तुकडे राहतात, आणि अर्धी राहिलेली उडी पुऱ्या उडीपेक्षा वाईट. ती निघेल ती फक्त बदली होऊनच. आणि जिथं तिची जुनी जागा आहे तिथंच नीट बसेल.

“म्हणजे कुठं?”

“तुमच्याकडे, केतकीताई.”

फोन ठेवला आणि मला घाम फुटला. कारण ते ऐकल्याबरोबर मला बरं वाटलं होतं. पोरगी वाचेल म्हणून बरं वाटलं, की उडी परत येईल म्हणून? मी स्वतःला हजार वेळा विचारलं. खिडकीत लोक भांडत होते आणि मी त्यांच्याकडे नुसती बघत होते. जुईची मान, जुईची मान, असं मनात घोकायचे आणि त्याच्या मागे दुसरंच कोणीतरी म्हणायचं, छातीत भरून येतं म्हणे.

शेवटी स्नेहलच्या घरी बसलो. स्नेहलचं काही दुमत नव्हतं. “काढून घे,” ती म्हणाली. “मला पोरगी पाहिजे. उडी नको, संघ नको, काही नको.”

“आई, तू गप बस जरा,” जुई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “तुम्हाला तुमची परत पाहिजे, असं सरळ म्हणा की मावशी.”

“जुई,” स्नेहल ओरडली.

“बोलू दे तिला,” मी म्हटलं. नाही म्हणाले असते तर ते खोटं ठरलं असतं, हो म्हणाले असते तर तेही. म्हणून मी जे नक्की माहीत होतं तेवढंच बोलले. “मला पाहिजे की नको, ते मला कळत नाही. तू मात्र त्या उडीनं मरशील हे कळतंय. चल पुण्याला.”

जुई उठून आत गेली आणि बॅग भरायला लागली. भरताना रडत होती, आम्हाला ऐकू येत होतं.

या वेळी टोपीखाली ती जागी आणि मी झोपलेली. रोज संध्याकाळी ती माझ्या शेजारून निघून जायची, नमस्कार करायची, बोलायची नाही. चाचणीत तिनं एकेरी मारली. स्वच्छ मारली, पायसुद्धा हलला नाही उतरल्यावर. संघात नाव आलं नाही. स्नेहलनं पेढे वाटले.

आणि मला उडी परत मिळाली ती कार्यालयात. खिडकीसमोर एक आजोबा त्यांच्या छपराचा हिशोब सांगत होते आणि मी मान डोलावत होते. एकदम तळपायांना फळी लागली. मी खुर्चीतच होते, पण मी वर गेले. पहिली कोलांटी संपली, आणि तिथं, जुई म्हणाली होती अगदी तिथं, सगळं गप झालं आणि छाती भरून आली. इतकं भारी, इतकं भारी की मी ढसाढसा रडायला लागले. आजोबा बिचारे घाबरले, म्हणाले, राहू द्या मॅडम, मी उद्या येतो.

आता ते रोज येतं. भाजी चिरताना येतं, जिना चढताना येतं. हा गुडघा घेऊन मी फळीपर्यंतसुद्धा पळू शकणार नाही, पण वर काय असतं ते मला रोज कळतं. काही दिवस मी हवेतच होते. लोकांना सांगत सुटले की मी खोटं बोलत होते हो, फार मजा होती त्या खेळात, जीव ओवाळून टाकावा अशी.

मग एकदा रेगेबाईंना सहज विचारलं. म्हटलं, हा आनंद माझाच ना? आधीपासून होता ना उडीत?

बाई म्हणाल्या, “सांगता येणार नाही. उडी जुईच्या अंगात काही महिने होती. रोज जागी व्हायची, मऊ व्हायची, पुन्हा घट्ट व्हायची. तेव्हा तिचंही त्यात काही मिसळलं असेल. तुमच्या वेळी आम्ही फक्त हालचाल मोजली होती. सुख मोजलं नव्हतं.”

मी संध्याकाळी व्यायामशाळेत गेले. जुई व्हॉल्टवर होती. पळायची, फळीवर आपटायची, एकेरी मारून सरळ उभी राहायची, मागे जायची. एकसुद्धा चूक नाही. घाटगे मास्तर म्हणाले, पोरगी फार तयार झाली हो आता. मी तिचा चेहरा बघत राहिले. ती उतरून पाणी प्यायला आली तेव्हा विचारलं,

“जुई, मजा येते ना गं?”

तिनं बाटली खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. टोमणा नव्हता, राग नव्हता. तिला खरंच कळलं नव्हतं मी काय विचारतेय ते.

“कशात, ताई?” ती म्हणाली.